मानवी गोंगाट

घोटीच्या पुढे, डोंगराच्या पाठीवर एक सपाटी आहे. आमच्या अहवालात तिला 'निर्जन' म्हटलं होतं. तिथे दारूगोळा साठवण्यासाठी भूमिगत कोठारं खोदायचा प्रस्ताव होता. खडक ते खोदकाम सोसेल का, हे तपासायचं काम आमच्या नाशिकच्या छोट्या कंपनीकडे आलं. मी भूभौतिकीची एमएस्सी, पहिलीच नोकरी. माझे वरिष्ठ बुद्धभूषण सर.

जमिनीची बारीक थरथर पकडणारं मुठीएवढं उपकरण असतं, जिओफोन. ते उघड्या खडकावर घट्ट बसावं लागतं. सपाटीवर पूर्वी एक वाडी होती, ती दरडीखाली गाडली गेली. ढिगाऱ्याच्या कडेला थोडा कातळ उघडा राहिला होता आणि त्यात भात कांडायची उखळं कोरलेली होती. जिओफोन त्यांत असे बसले, जणू मापानं केलेले. उखळांत मूठ-मूठ भात होतं, टरफलासकट. मी ते झटकून बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी चढून आली. भिमाबाई. खाली नव्यानं वसलेल्या वाडीत राहणारी.

"कोणी सांडलं हे?"

"मी," मी म्हटलं. "मशीन ठेवायचं होतं, आजी."

"मशीन! माझ्या सुनेचं ताट उलथवलंस तू, पोरी."

सर हसले. ती हसली नाही. खाली बसून दाणे वेचता वेचता तिनं सांगितलं. दरड आली तेव्हा तिची सून आणि लेक इथेच घरात कांडत होत्या. कोणीच सापडलं नाही. तेव्हापासून नवं भात आलं की वाडीतले लोक वर येऊन दाणे ठेवतात.

"आणि कांडतं कोण?" मी विचारलं.

"आम्ही ठेवतो," ती म्हणाली. "कांडायचं त्या बघतात." मग तिनं ढिगाऱ्याकडे पाहिलं. "तुमचं कुंपण झालं की आम्हाला वर सोडतील का?"

"नाही सोडणार," मी म्हटलं.

"मग त्या काय खातील?"

तिनं दाणे उखळांत परत ठेवले, मी जिओफोन बाजूच्या खडकावर हलवले आणि नोंदी पुन्हा सुरू केल्या.

ऑफिसात त्या आवाजात बदलून ऐकल्या तेव्हा त्यांत ठोके होते. एक जड, एक हलका, आळीपाळीनं. थोड्या वेळानं खंड, कोणी हातानं दाणे वरखाली करावेत तेवढा. मग पुन्हा ठोके. मी हायवेवरच्या ट्रकांशी ताडून पाहिलं, घाटातल्या रेल्वेशी पाहिलं, वाऱ्याच्या नोंदी मागवल्या. काहीच जुळेना. स्रोत उथळ होता, ढिगाऱ्याच्या पोटात. आणि दाणे सांडलेले होते त्या दिवशीच्या नोंदींत ठोक्यांचा मागमूस नव्हता.

"काढून टाक गं," सर म्हणाले. "खाली वाडीत कोणीतरी कांडत असेल."

"खाली गिरणी आहे, सर."

"मग गिरणी असेल. रिदा, आपण खडक मोजतोय, भुतं नाही."

माणसांच्या हालचालीनं होणाऱ्या थरथरीला आमच्याकडे मानवी गोंगाट म्हणतात आणि तो गाळणं हा नेहमीचा रिवाज. मी गाळला. काय गाळलं ते परिशिष्टात लिहिलं, कारण तेही लिहायचंच असतं.

संसदेच्या समितीपुढे असे प्रस्ताव जातात. बहुतेक वेळा खर्चाची पानं उलटली जातात. या वेळी समिती जागा पाहायला आली. दुपारचं ऊन होतं, मंडप होता, प्रकल्प अधिकारी नकाशे धरून उभे होते. वाडीतले लोक दूर बसले होते, भिमाबाई सगळ्यांत पुढे. सदस्यांत एक विदर्भाच्या खासदार बाई होत्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी आमचा अहवाल उघडला.

"इथे लिहिलंय, वस्ती नाही. बरोबर?"

"बरोबर, मॅडम," अधिकारी म्हणाले.

"आणि इथे मागे लिहिलंय की माणसांच्या हालचालीची थरथर गाळली. एकाच जागेची. कोणाच्या हालचालीची?"

अधिकाऱ्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे.

"तांत्रिक शब्द आहे, मॅडम," सर म्हणाले. "गोंगाट म्हणजे वारा, वाहनं..."

"वाऱ्याला माणूस म्हणता तुम्ही?" बाई माझ्याकडे वळल्या. "हे तुम्ही लिहिलंत ना? बोला."

अधिकारी माझ्या कानाशी वाकले. "अज्ञात स्रोत म्हणा. विषय संपेल."

ते खरंच सोपं होतं. पण अज्ञात म्हणजे ज्याची ओळख पटत नाही ते, आणि मला तो आवाज पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीचा वाटला होता.

"दोन मुसळं आहेत," मी म्हटलं. "आळीपाळीनं चालतात. ढिगाऱ्याखालून. वाहनं, रेल्वे, वारा मी तपासले. ते नाहीत."

कोणीतरी हसलं. खासदार बाईंनी हात पुढे केला. "ऐकवता येईल?"

जिओफोन कातळावर होते. मी जोडणी केली, आवाज ऐकू येईल इतका वाढवला आणि हेडफोन त्यांना दिला. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांची मान हलू लागली, जड ठोक्यावर खाली, हलक्यावर वर. स्वतःच्या लक्षात आलं तशा त्या थांबल्या आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"माणसं आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जिवंत?"

"ते या उपकरणाला कळत नाही, मॅडम."

बाई अधिकाऱ्यांकडे वळल्या. "जागा रिकामी करायची नोटीस तुम्ही कोणाच्या नावानं काढणार?"

ते नकाशाची घडी घालत राहिले. उलटी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

बाईंनी टिपणं घेणाऱ्याला सावकाश सांगितलं, "लिहा. जागा निर्जन असल्याचं समितीपुढे सिद्ध झालेलं नाही. तोवर मंजुरीची शिफारस नाही. कुंपण नाही. वर येणाऱ्यांना अडवायचं नाही." मग आवाज उतरवून त्या भिमाबाईला म्हणाल्या, "आजी, तुम्ही येत जा."

"येतेच मी, बाई," भिमाबाई म्हणाली.

गाड्या उतरून गेल्या. सर माझ्याशी न बोलता खाली निघाले, वाडीतले लोकही पांगले. मी केबल गुंडाळत होते. उपकरण बंद होतं, हेडफोन पिशवीत होता, आणि तरी तळपायांना ठोके लागत होते. मग ते थांबले. कातळ एकदम गार पडल्यासारखा वाटला. कुठून तरी गरम भाताची वाफ आली, नव्या तांदळाची.

भिमाबाई ढिगाऱ्यापाशी मांडी घालून बसली होती. पदर सारखा करून, पंगतीला बसतात तशी.

"खाली चला, आजी," मी म्हटलं. "ऊन उतरेल आता."

"तू जा गं." तिनं मागे पाहिलं नाही. "थांबू नको. तुझ्या वाटचं कांडलेलं नाय."