एका घराचे दोन अर्ज

ऑस्ट्रेलियातल्या टुवुंबा गावी नव्या घरात दिवीनाने पहिलं पाऊल टाकलं ते तांदळाचा डबा आणि मिठाची बरणी घेऊन. मग गादी आली, मग नवरा आर्नेल. फिलिपीन्समधल्या त्यांच्या इलोइलोकडची रीतच तशी. त्याच संध्याकाळी आर्नेलने मोबाईलवर स्वतःच्या व्हिसाच्या खात्यात नवा पत्ता भरला. घरच्या कर्त्याने नाव लिहिलं की अख्खं घर लिहिलं गेलं, हे दोघांच्याही गावाकडून अंगात मुरलेलं. दिवीनाच्या नावाचा वेगळा अर्ज कुणाला सुचणार?

चार महिन्यांनी व्हिसाच्या सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. नोंदींप्रमाणे पती-पत्नी वेगवेगळ्या पत्त्यांवर राहतात. पत्नीचा व्हिसा पतीच्या व्हिसावर आधारलेला आहे. संसार टिकून असल्याचा पुरावा अठ्ठावीस दिवसांत द्यावा, अन्यथा तिचा व्हिसा रद्द होऊ शकतो.

"वेगवेगळ्या?" दिवीना कडाडली. "अरे, तू कूस बदललीस तर मी भिंतीला लागते इथे!"

"चूक माझीच गं. तुझा अर्ज राहिला. भरून टाकू."

"मग अर्ज राहिला म्हणावं त्यांनी. लग्न मोडलं म्हणायला हे कोण?"

शेजारची पासिताई मनिलाची, बारा वर्षं इथे काढलेली. तिने पत्र वाचलं. "वीजबिल, भाडेकरार, दोघांच्या नावाचं आहे काही?"

"सगळं ह्याच्या नावावर."

"मग फोटो लाव, मिठी मारलेले. हसू नकोस, एकीने पलंगाचासुद्धा लावला होता."

"परक्या माणसाला पलंग दाखवू? ताई, लाज विकलीस की काय?"

"विकली नाही गं. व्हिसा मिळेपर्यंत गुंडाळून ठेवली होती."

दिवीनाने फोटो लावले नाहीत. घरमालकिणीकडून दोघं एकत्र राहत असल्याची चिठ्ठी आणली, आपला अर्ज आपल्या हाताने भरला, आणि खुलाशाच्या चौकटीत लिहिलं:

'तीन वर्षं हा इथे कारखान्यात मांस कापत होता, मी इलोइलोत होते. मधे अख्खा समुद्र. हा फोनवर जेवायचा, मी फोनवर वाढायची. तेव्हा तुम्ही आम्हाला नवरा-बायको मानलंत. आता एका भांड्यातला भात खातो, एका पांघरुणात निजतो, तर तुम्हाला आमची ताटातूट दिसते. पत्ता कळवायला चुकलो, खरं आहे. संसाराला चुकलो नाही.'

"शेवट जरा मऊ कर," आर्नेल म्हणाला. "साहेब चिडला तर?"

"मी चिडलेय, त्याचं काय?" तिने बटण दाबलं.

मग रोज कामावरून आल्या आल्या दोघं आधी मोबाईल बघत. नवव्या दिवशी उत्तर आलं. पत्ता बदलला आहे. पुढील कारवाई नाही.

आर्नेलने तिला उचलून गिरकी घेतली. "सुटलो!"

"खाली ठेव मला." तिने उत्तर पुन्हा वाचलं. "एवढंच? मोडलं म्हणायला पानभर पत्र, आणि आता दोन ओळी?" ती टाइप करायला लागली.

"आता काय लिहितेस, बाई?"

"विचारते, आमचं लग्न टिकलंय हे नोंदीत घातलं का."

"आणि नसेल घातलं तर?"

"घालेपर्यंत विचारीन."