कावळ्यानंतर कुकरची शिट्टी

दत्तूमहाराजांच्या ‘काकसंवाद सेवा मंडळा’ने आपल्या निवेदनात तीन विधाने केली होती. मंडळाच्या विधीत कोणत्याही यंत्राचा वापर होत नाही, हे पहिले. काक स्वेच्छेने येतो आणि स्वेच्छेने थांबतो, हे दुसरे. मृताची अपुरी इच्छा त्याच्या आप्तांच्याच मुखातून प्रकट होते, हे तिसरे.

यांतले पहिले विधान खोटे आहे. दुसरेही खोटे आहे. त्यात ज्याच्या वतीने खोटे बोलले गेले त्या कावळ्याची संमती नव्हती, एवढीच भर. तिसरे मात्र अक्षरशः खरे आहे, आणि हा मजकूर लिहावा लागला तो त्या खरेपणामुळे.

गोविंदच्या दहाव्याला गोदाकाठच्या त्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी माणसे गोविंदसाठी आली होती, उरलेली दत्तूमहाराजांसाठी. हे महाराज पूर्वी निफाडच्या बाजारात फवारणीचे पंप आणि मोबाईल दुरुस्त करीत. माणसांत अधिक बिघाड असतो आणि ती तक्रारही कमी करतात, हे ध्यानात आल्यावर त्यांनी कफनी शिवून घेतली. कावळा पिंडाला का शिवत नाही याचे निदान करून देणे हा त्यांचा नवा व्यवसाय.

गोविंद विमा कार्यालयात कारकून होता, पण त्याचे खरे आयुष्य घराच्या मागच्या खोलीत गेले. जुने रेडिओ उघडणे, वायरी, सोल्डरिंगचा धूर, आणि दर महिन्याला एखादे नवे, बहुधा निरुपयोगी यंत्र. अंबडच्या कारखान्यात काम करणारा हरसूलचा राजू रविवारी तिथे शिकायला येई. गोविंदची मुलगी इराही तिथेच असे. दोघांनी लग्न ठरवले तेव्हा गोविंद म्हणाला, “बरं झालं. घरात एकच मल्टिमीटर पुरेल.” नातेवाइकांना मात्र राजू डोंगरातला, आपल्यातला नव्हे, एवढेच दिसले. गोविंद जिवंत असेतो ते गप्प होते.

पिंड मांडला. कठड्यावर कावळे होतेच. एक खाली उतरला, उड्या मारत पुढे आला. महाराजांचा हात झोळीत होता. तोच कुठूनसा कावळ्याचा एक भेसूर चीत्कार उठला आणि सगळे कावळे वर उडून कल्ला करत घिरट्या घालू लागले.

“राहिलंय,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “काहीतरी राहिलंय.”

“काय राहिलंय, महाराज?” गोविंदचा धाकटा भाऊ संतोष पुढे झाला. निफाडला त्याची द्राक्षबाग आहे.

“ते मी कोण सांगणार? आत्म्याचा सिग्नल लय बारीक. घरच्यांनाच पकडता येतो. नेटवर्क रक्ताचं लागतं, भाऊ. बाहेरचं सिम चालत नाय.”

घरचे कामाला लागले. “चहा! दादाला दिवसातला दुसरा चहा लागायचाच.” चहा ठेवला. कावळा उतरला, चीत्कार झाला, कावळा उडाला. “त्याची ती सोल्डरिंग गन आणा.” तीही पिंडाशेजारी मांडली. वीज नसल्यामुळे असेल, नामंजूर झाली.

मग गोविंदच्या सुधाआत्यांची नजर घाटाच्या वरच्या पायरीवर गेली. तिथे चपलांच्या ढिगाशेजारी राजू उभा होता. खाली येऊ नको असे त्याला सकाळीच सांगण्यात आले होते.

“कशाला शोधताय उगाच?” आत्या म्हणाल्या. “तो काय वर उभा आहे. इराचं लग्न सलतंय माझ्या गोविंदाला.”

महाराजांनी एक डोळा उघडला. “मी काही बोललो नाय हां, आजी.”

“तुम्ही कशाला बोलाल? आम्हाला कळतंय ना. इरा, शब्द दे बापाला.”

“वहिनी, सांगा ना तिला,” संतोष गोविंदच्या बायकोला, मोहिनीला म्हणाला. “दादा लटकलाय तिथं.”

मग घाटच बोलू लागला. “बापासाठी एवढंही होत नाही?” “शिकलेल्या पोरी अशाच.” “बाई, उन्हात उभी आहेत माणसं.” आणि मागून एक अगदी व्यावहारिक आवाज: “अहो, आटपा लवकर, पुढचा नंबर आमचा आहे.”

इरा पिंडासमोर वाकली. “बाबा, नाही करणार मी.”

“कोणाशी ते नीट बोल!”

“राजूशी. नाही करणार.”

महाराजांनी घंटा वाजवली. कावळे झेपावले, पिंड फुटला. लोकांनी जयजयकार केला, एकमेकांना मिठ्या मारल्या. वर राजू वाकून आपल्या चपला शोधू लागला.

मोहिनी रडत नव्हती. ती मान किंचित कलती करून उभी होती. शेवटच्या चीत्काराच्या शेपटाशी तिला काहीतरी ऐकू आले होते.

“दुसरा पिंड ठेवा,” ती म्हणाली.

“वहिनी, झालं ना आता!”

“इराचा शब्द मी परत घेतला. तिचं लग्न राजूशीच होईल. आता ठेवा पिंड. आणि घंटा नको, मंत्र नको, कुणी बोलू नका. माझ्या नवऱ्याला काय म्हणायचंय ते मला शांतपणे ऐकायचंय.”

विधवेची ही मागणी नाकारण्याची सोय नव्हती. महाराजांची अडचण आता काटेकोर होती: कावळा शिवला तर त्यांचे शास्त्र बुडाले, शिवू द्यायचा नसेल तर हात झोळीत घालणे भाग. घाट पहिल्यांदाच गप्प झाला. कावळा पिंडाशी आला. चीत्कार उठला.

मोहिनीने बोट वर केले. “आता कुकरची शिट्टी होईल. मग मी बोलेन.”

शिट्टी झाली. मोहिनीचे ओठ मिटलेले होते. महाराजांच्या आसनाशेजारच्या फुलांच्या टोपलीतून बारीक पण स्वच्छ आवाज आला, तिचाच: “अहो, रेकॉर्डिंग पुरे! आधी सोडवा त्याला.”

काही जणांनी तेवढ्यातही हात जोडले.

इराने टोपली उपडी केली. झेंडूखालून एक काळी पेटी आणि कर्णा निघाला. झोळीतून रिमोट निघाला.

“मांजात अडकलेला कावळा होता आमच्या गॅलरीत,” मोहिनी म्हणाली. “ह्यांनी त्याचं ओरडणं टिपलं, मग त्याला सोडवला. आणि तुमच्या बागेतली पाखरं उठवायला ही पेटी केली. भावजी, कुठे होती ती?”

संतोष जमिनीकडे बघत होता. “दत्तूकडं. दुरुस्तीला टाकली होती. परत आणायची राहिली.”

राजू खाली आला. आता त्याला कुणी अडवले नाही. त्याने पेटी उलटी करून पाहिली. “काकू, हा सोल्डरिंगचा सांधा माझा हाय. सरांनी तीनदा उचकटून परत करायला लावला होता.”

चमत्कार एवढाच. संकटातल्या कावळ्याची हाक ऐकली की बाकीचे कावळे उडतात, वर गोंगाट करतात, खायला उतरत नाहीत. आणि त्याच कठड्याखाली रोज पहाटे घंटा वाजवून शेव टाकली, की घंटेला उतरायला शिकतात. कावळा बुद्धिमान पक्षी आहे. अनुभवावरून निष्कर्ष काढतो. घाटावर ही सवय असलेला प्राणी तो एकटाच होता.

कारण सुधाआत्या यानंतर म्हणाल्या, “यंत्र खोटं असेल. पण पोरीनं दिलेला शब्द तर खरा ना?” आणि अनेक माना हलल्या.

वाचकांना विनंती साधी आहे. मेलेला माणूस बोलत नाही. त्याच्या नावाने जो बोलतो, त्याला विचारा: हे तुला कसे कळले? आणि मृताची इच्छा नेमकी तुमच्याच इच्छेसारखी निघाली, तर तोच प्रश्न आधी स्वतःला विचारा. गोविंदने आपली इच्छा जिवंतपणी, शुद्धीवर असताना, सर्वांसमक्ष सांगितली होती. ती कुणालाही ऐकू आली नव्हती. इराचे आणि राजूचे लग्न ठरल्या दिवशी झाले. घाटावर तासभर उन्हात उभे राहिलेल्या आप्तांपैकी लग्नाला यायला बहुतेकांना वेळ झाला नाही.

त्या सकाळी मात्र सर्वांना एकाएकी विवेक सुचला. ज्यांनी इराकडून शब्द काढला तेच “धरा, मारा” म्हणत दत्तूवर धावले. मोहिनी मध्ये उभी राहिली म्हणून तो वाचला. कफनीचा गळा सावरत तो जे बोलला, ते मी घाटावर ऐकले तसे शब्दशः देतो:

“मारा ना, मारा. पण मी एकदा तरी बोललो का, काय राहिलंय ते? मी नुसते कावळे वर ठेवायचो. बोलायचा तुमी. दर घरी चहा-बिडीपासून सुरू होतं आन् येऊन थांबतं एखाद्या बाईवरच. सुनेनं नोकरी सोडावी, बायकोनं माहेरी जावं, पोरीनं लग्न मोडावं. माझ्या डोक्यात आलं नसतं एवढं. मला कसं कळायचं कुठं थांबायचं? लय सोपं होतं. तुमच्या तोंडावर समाधान दिसलं, की मी घंटा वाजवायचो.”