चौदा दिवसांचा पाऊस

आमच्या ह्यांनी मळवलीच्या घरामागे पर्जन्यमापक बसवला त्याला एकोणीस वर्षं झाली. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. काहीतरी ठरल्या वेळी केल्याशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटत नसे. जून ते ऑक्टोबर, रोज साडेआठला मापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, वाकून पाण्याच्या रेषेशी डोळा न्यायचा आणि आकडा मोठ्यानं बोलायचा.

साठी उलटल्यावर ते कामशेतला इनायतच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले. इनायत त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, पण हे त्याला ‘सर’ म्हणत आणि तो लाजून अर्धा होई. सहा महिने खपून ह्यांनी पावसाच्या नोंदीचा प्रोग्रॅम स्वतः तयार केला. तारीख निवडायची, आकडा टाकायचा, बटण दाबायचं. मग यंत्रातून ह्यांचा आवाज येतो, “झाली नोंद. आता चहा टाक.” तो आवाज भरत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात. मला काय ठाऊक! मी तिथूनच ओरडले, “टाकलाय कधीचा!” तेही त्यात आलं. पुसा म्हटलं, तर म्हणाले, “असंच पाहिजे.”

हे जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. पावसाळ्यात रोज सकाळी मी आकडा टाकते आणि आम्ही दोघं एकदा बोलतो, चार-पाच सेकंद. एका तारखेला एकच नोंद. शून्य यंत्र घेत नाही. कोरड्या दिवशी कशाला बसायचं, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून ऑक्टोबर सरला की घर गप्प होतं. एका डिसेंबरात उगाच ‘दोन’ लिहायला माझा हात गेला होता. मागे घेतला. खोटा पाऊस त्यांना चालला नसता.

यंदा जुलैत एका सकाळी मी चौऱ्याऐंशी मिलिमीटर टाकायला बसले, तर पडद्यावर तांबडी चौकट. ‘ही फाइल बाधित आहे. ती वेगळी ठेवली आहे.’ खाली ह्यांच्या प्रोग्रॅमचं नाव. ज्या अँटिव्हायरससाठी आधी हे आणि नंतर मी दरवर्षी विश्वासानं पैसे भरले, त्याचीच ती चौकट.

इनायतला फोन लावला. एंगेज. पाच वेळा लावला, एंगेज.

बाधित हा शब्द आमच्या दारावर एकदा चिकटवलेला होता. कोरोनाच्या पहिल्या पावसाळ्यात हे लोणावळ्याहून ताप घेऊन आले. चौदा दिवस ते आतल्या खोलीत, मी बाहेर. पर्जन्यमापक वाचायला मी तेव्हाच शिकले. भिजत मागे जायचं आणि त्यांच्या खिडकीखाली उभं राहून आकडा ओरडायचा. आतून विचारत, “डोळा रेषेला लावलास का?” पंधराव्या दिवशी ते दार उघडून बाहेर आले.

यंत्राला ताप येत नाही हे मला कळतं. पण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. मी कुठलंच बटण दाबलं नाही. भिंतीतला प्लग काढला, कॉम्प्युटरवर ह्यांची शाल घातली आणि कॅलेंडरच्या मागे लिहिलं: ८४. मग रोज तिथंच लिहीत गेले. चहा मात्र कुणी टाक म्हणायचं नाही, म्हणून कधी दहाला होई, कधी राहून जाई.

भामाबाई पलीकडच्या बंगल्याची झाडलोट करते. सातव्या दिवशी दूध द्यायला आली आणि शालीकडे बघून थबकली.

“मावशी, ह्याला थंडी वाजतीया व्हय?”

“बाधा झालीय म्हणतंय. चौदा दिवस ठेवणार आहे.”

“मंग काढा बी पाजा की!” ती हसत सुटली. मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. “भाऊंचा आवाज हाय नव्हं त्यात? ऱ्हाऊ द्या मावशी. काय न्हाई व्हत त्याला.”

पंधराव्या दिवशी इनायतचा फोन लागला. दुपारी तो आला, चप्पल बाहेर काढून, पूर्वी सरांसारखा न वागता विद्यार्थ्यासारखा येई तसाच.

“मावशी, खरं सांगा. त्या दिवसानंतर चालू केला होता?”

“प्लगच काढलाय.”

तो खुर्चीत बसला. “वाचलात! कंपनीनं त्या दिवशी चुकीचं अपडेट सोडलं. चांगल्या फायलींनाच बाधित म्हणत सुटलं. सगळ्या मावळातून फोन. आणि एका दिवसानं इंटरनेटवरून आलेल्या हुकमानं त्या फायली कायमच्या पुसल्या. दुरुस्ती आली तोवर उशीर झाला. लोहगडवाडीच्या सवितानं ट्रेकवाल्यांच्या जेवणाच्या सगळ्या ऑर्डरी घालवल्या. तुम्हाला प्लग काढायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. चौदा दिवस ठेवला फक्त.”

त्याला हसू आलं, पण हसला नाही. आधी त्यानं इंटरनेटची वायर काढली, मग कॉम्प्युटर चालू केला. वेगळ्या ठेवलेल्या फायलींच्या यादीत ह्यांच्या प्रोग्रॅमचं नाव होतं. त्यानं काहीतरी दाबलं. माझी बोटं शालीच्या दशांत गुंतली होती.

“धडधाकट आहे मावशी. याला कधी काही झालंच नव्हतं.” प्रोग्रॅमची आणखी एक प्रत त्यानं पेन ड्राइव्हवर काढून दिली. मग कॅलेंडर उलटं करून म्हणाला, “सांगा, आजचा सोडून चौदा आकडे आहेत ना? मी भरतो पटापट.”

“पहिला मीच टाकते.”

चौऱ्याऐंशी. बटण दाबलं.

“झाली नोंद. आता चहा टाक.”

“टाकलाय कधीचा!”

इनायत उठून ओसरीवर गेला आणि बराच वेळ माझ्या जास्वंदीकडे बघत उभा राहिला. परत आला तेव्हा मी कॅलेंडर घडी करून ठेवलं होतं.

“बाकीचे तेरा?”

“टाकेन मी.”

“काका असते तर ओरडले असते. आजचं आज, म्हणायचे.”

“ओरडू दे,” मी म्हटलं आणि खरोखरच चहा टाकायला आत गेले.

आता नोव्हेंबर संपत आलाय. भात कापून झालंय, पर्जन्यमापक पुसून माळ्यावर ठेवलाय. काल मी जुलैतली एक तारीख निवडली आणि एकशे बारा टाकले. आकडा खरा आहे. मी स्वतः भिजून वाचलेला.

बारा उरलेत. जूनपर्यंत पुरवायचे आहेत.