मागची खिडकी

बाहेर

पाणी खालून वर न्यायचं. आधी खालची कड, मग भिंत, मग खिडकी, छत सगळ्यात शेवटी. वरूनच सोडलं तर ते ओघळत चहूकडे जातं आणि नेमकं कुठून शिरलं, हे देवालाही सांगता येत नाही.

नियम सोल्वीचा. नळी मात्र तिच्या धाकट्या बहिणीच्या, मार्नीच्या हातात. कारण सोल्वी ट्रेलरच्या आत होती, दार लावून, टॉर्च घेऊन, भिंतीला नाक लावून.

ट्रेलर म्हणजे पत्र्याची लांबट खोली, खाली दोन चाकं. गाडीमागे जोडायची आणि चालू पडायचं. दोघींच्या लग्नांइतका जुना आणि लग्नांपेक्षा बऱ्या अवस्थेत, असं सोल्वी म्हणायची. जूनमध्ये तिने तो विकत घेतला तेव्हा गादीखालची फळी भिजल्या बिस्किटासारखी हातात येत होती.

"हा घेऊन जाणार कुठे?" मार्नीने तेव्हा विचारलं होतं.

"टोइवोच्या क्रॅनबेरीच्या मळ्यावर. हिवाळाभर राखण करायची, जागा फुकट."

आणि मी? असं मार्नी म्हणाली नाही. ती म्हणाली, "ऑक्टोबर लागला की हा डबा गळणार. एक थेंब आत आला तरी वसंतापर्यंत जायचं नाही. कबूल?"

"कबूल," सोल्वी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरवडणी घेऊन छतावर चढली. अडुसष्टाव्या वर्षी.

मार्नीचा नवरा ड्वेन गेला तेव्हा सोल्वी सोबतीला म्हणून दोन आठवड्यांसाठी तिच्या घरी आली होती. त्याला तीन वर्षं झाली.

उन्हाळाभर सोल्वी त्या ट्रेलरला चिकटून होती. आधीच्या मालकाने थापलेलं सिलिकॉन तिने नखाएवढं नखाएवढं करून काढलं, कारण त्यावर दुसरं काहीच धरत नाही. कडांच्या पट्ट्या उपटल्या, खाली नवी पुट्टी दाबली, स्क्रू पुन्हा पिळले. छताच्या झरोक्याभोवती सीलंट ओतलं. भोक दिसलं की बुजवलं.

उद्या टोइवो गाडी घेऊन येणार होता. पश्चिमेकडे आभाळ मिटत आलं होतं, आणि इथे ते एकदा मिटलं की मेपर्यंत उघडत नाही.

आत (फक्त आवाज)

"पुढची बाजू?"

"कोरडी."

"जोरात बोल, नळीचा आवाज आहे."

"कोरडी म्हटलं. रस्त्याकडची घे."

"घेतली. काय?"

"ठणठणीत कोरडी. तुझ्या पॅनकेकसारखी."

"मग रोज तीन-तीन कशाला खातेस?"

"कुत्रा नाही ना आपल्याकडे. कुणीतरी संपवायला हवेत."

"सोल्वी—"

"पाणी मार, मार्नी. टोमणे नंतर मार."

बाहेर

बाकीच्या बाजू छतापर्यंत कोरड्या निघाल्या. मागची खिडकी तेवढी उरली. सोल्वीच्या पलंगावरची.

खालच्या कडेवर पाणी धरायला मार्नी वाकली, आणि तिला ते दिसलं. ॲल्युमिनियमच्या चौकटीला खालून दोन बारीक चिरा असतात, त्या दोन्ही पांढऱ्या सीलंटने भरलेल्या. ओल्या बोटाने गुळगुळीत केलेल्या. काम इतकं सुबक, की चिरा तिथे होत्या हे माहीत असणाऱ्यालाच कळावं.

मार्नीला माहीत होतं. सरकत्या काचेच्या खाचेत पाऊस उतरतोच. तो त्या चिरांमधून बाहेर पडतो. चिरा बुजल्या की खाच भरते आणि पाणी आतल्या अंगाला सांडतं. तिच्या घराच्या खिडक्यांनाही अशाच चिरा होत्या. दर सप्टेंबरात त्यातलं शेवाळ ती स्वतः काढायची. पहिल्या वर्षी सोल्वी फडकं घेऊन मदतीला उभी राहिली होती. "राहू दे, तुला जमायचं नाही," म्हणून मार्नीने ते तिच्या हातातून काढून घेतलं होतं. त्यानंतर सोल्वीने खिडक्यांना हात लावला नाही. मग तिला कुठून कळणार.

आता सांगायला एक वाक्य लागलं असतं.

मार्नीने नळी वर केली आणि काचेवर पाणी सोडलं.

आत (फक्त आवाज)

"कोरडं."

"कोरडं."

"अजून कोरडं."

"थांब."



"खाचेतून वर आलंय. उशी भिजली."

स्वयंपाकघर

सोल्वीने हात धुतले आणि टेबलाशी बसली. तिने आदळआपट केली असती तर मार्नीला सोपं गेलं असतं.

"चौकटच काढावी लागेल," सोल्वी म्हणाली. "त्याला कोरडी हवा पाहिजे. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात."

"कॉफी घे."

"घेते. आधी टोइवोला फोन करते, उद्या येऊ नकोस म्हणून."

"ठरलंच होतं आपलं," मार्नी म्हणाली, आणि आपण हे का बोललो असं तिला झालं.

"ठरलं होतं ना. मी कुठे नाही म्हणते?"

मार्नीने दोन कप भरले. वसंतापर्यंत दोन कप. जे हवं होतं ते मिळालं होतं, तेही हात न घालता. सकाळी खालच्या मजल्यावर रेडिओ लागेल, कुणीतरी खोकेल, साखर कुठे ठेवलीस म्हणून विचारेल. मार्नीने साखर पुढे सरकवली.

"मार्नी, जरा खिडकी उघडू का? कोंदट होतंय."

तीन वर्षं सोल्वी असंच विचारत आली होती. खिडकी उघडू का, हीटर कमी करू का, हा टॉवेल घेऊ का. मार्नीला वाटायचं, आईने वळण चांगलं लावलंय. आज पहिल्यांदा तिने तो प्रश्न नीट ऐकला. सोल्वी खुर्चीतून अर्धी उठून, पाहुणीसारखी, मार्नी हो म्हणायची वाट बघत होती.

"फोन करू नकोस," मार्नी म्हणाली आणि भाजीची सुरी घेऊन बाहेर गेली.

बाहेर, पुन्हा

सुरीच्या टोकाने सीलंट दोऱ्यासारखं निघालं. दुसऱ्या चिरेतलं निघताच पाण्याची धार थेट मार्नीच्या सपातांवर पडली. सोल्वी मागे येऊन उभी होती.

"ती भोकं मुद्दाम असतात?"

"हो."

"काय पण डोकं. खिडकी करायची आणि तिला भोकं ठेवायची."

"पाणी खाचेत येतंच. तिथून बाहेर जातं."

सोल्वीने धार थांबेपर्यंत पाहिलं. "नळी धरलीस तेव्हाच दिसलं असेल तुला."

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

सोल्वीने बहिणीकडे पाहिलं, मग तिच्या भिजलेल्या पायांकडे. "मी तुझ्या जागी असते ना, तर वरून आणखी बादलीभर ओतलं असतं." तिने जमिनीवरची नळी उचलली. "जा, आत जाऊन बस."

"मी?"

"माझा माझ्यावर भरवसा नाही. गळलं तरी मी कोरडंच म्हणेन."

"पण एक थेंब तर आलाच होता, सोल्वी."

"म्हणून तर तू बघ. तू म्हणशील ते."

आत

सबंध उन्हाळ्यात मार्नीने इथे पाऊल टाकलं नव्हतं. नव्या फळीचा वास होता. एका शेगडीचा ओटा, त्यावर उलटी घातलेली किटली, रेडिओपुरती फळी. बसायला जागा पलंगाचीच. ती ओली उशी बाजूला सारून बसली.

पत्र्यावर पाणी वाजायला लागलं. मार्नीने टॉर्च खाचेवर धरला. पाणी चढलं, काठाशी थरथरलं, उतरलं. पुन्हा चढलं, उतरलं. सोल्वी हात राखून ओतत नव्हती. खिडकी दिसेनाशी झाली होती.

मार्नीने काठ पुसून घेतला, थांबली, मग तळवा त्यावरून फिरवला. तळव्याकडे पाहिलं.

"काय?" बाहेरून आवाज आला.

मार्नीने तळवा पुन्हा एकदा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कोरडं," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

मार्नी उठून काचेपाशी गेली. पलीकडे ओघळत्या पाण्यात सोल्वीचा पिवळा रेनकोट नुसता हलत होता.

"कोरडं आहे, सोल्वी," ती म्हणाली, रस्त्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात.