शांत तास

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट एका रेघेची आहे, आणि रेघ बारीक आहे; लांबून दिसायची नाही.

विज्ञानाच्या बाईंनी जिन्याखालच्या खोलीचं कुलूप काढलं, आत वाकून गुडघे टेकले आणि फरशीला बोल्ट मारून बसवलेल्या यंत्रावर हात ठेवला. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, शाळेत चिटपाखरू नव्हतं, आणि तरीही डोक्यावर, जिन्याच्या पोटातून, आवाज येत होता: एक पाऊल ठाम, एक घासत. ठाम, घासत. मग बादली टेकल्याचा दणका. यंत्रावरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत राहिला. त्याला काय, त्याने ऐकलं आणि लिहून घेतलं.

बाईंनी दुसऱ्या हातातलं पत्र पुन्हा उलगडलं. रात्रीपासून चार वेळा वाचून झालं होतं, पण माणसाला उगाच वाटतं की पाचव्यांदा वाचलं तर मजकूर बदलेल.

मजकूर तोच होता. भूकंपाची चाहूल घेणारी यंत्रं ज्या चाळीस शाळांना अनुदानातून दिली होती, त्या सगळ्यांसाठी सकाळी सहा ते सात हा शांत तास धरलेला होता. त्या तासात या शाळेची नोंद अस्वच्छ होती. सलग तीस शालेय दिवस नोंद स्वच्छ आली नाही, तर दुसऱ्या वर्षाचं अनुदान दुसऱ्या शाळेला दिलं जाईल आणि यंत्र परत न्यावं लागेल.

यंत्राबरोबर बाईही जाणार होत्या. त्यांची नेमणूक त्याच अनुदानावर होती. घरी आई, आईची औषधं, आणि त्या पत्रासारखीच पत्रं लिहून लिहून दुखायला लागलेला उजवा खांदा. दोन वर्षं अर्ज, तक्ते, उद्दिष्टं, निष्पत्ती. कधी कधी बाईंना वाटायचं, आपण शिकवतो ते अर्जातून उरलेल्या वेळात.

मोठ्या सरांनी पत्र वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"तास बदलून मागा की."

"मागितला, सर. चाळीस शाळांना एकच तास आहे म्हणे."

"मग सफाईच्या मावशींना उशिरा यायला सांगा."

"साडेसातला मुलं येतात. त्याच्या आत दोन मजले व्हायला हवेत. आणि मग त्यांना दुसऱ्या कामावर जायचं असतं."

"मग तुमचं तुम्हीच बघा. यंत्र तुमचं, मावशी तुमच्या लाडक्या. मी पडलो भाषेचा माणूस. माझ्या तासाला धरणी दुभंगली तरी पोरं जांभई अर्धी सोडत नाहीत."

मावशी लाडक्या होत्या हे खरं. यंत्र आलं त्या पहिल्या आठवड्यातच मुलींनी शोध लावला होता की पडद्यावर रोज सकाळी उमटणारी दातेरी रेघ ही जमिनीची नाही, मावशींची आहे. एक मुलगी होती, सगळं मोजत सुटायची म्हणून वर्गाने तिचं नाव मोजपट्टी ठेवलेलं. तिने मावशींना हाताला धरून प्रयोगशाळेत आणलं आणि पडदा दाखवला. "ह्या बघा तुम्ही. हा उजवा पाय, हा डावा. आणि हा बादलीचा भूकंप." मावशी पदराने तोंड झाकून हसल्या होत्या. "अगं बाई, माझं चालणं लिहून ठेवलंय होय?" तेव्हापासून साडेसातला निघताना त्या दारातून डोकावायच्या आणि विचारायच्या, "आज कशी आले मी?"

त्या दिवशी मावशी पहिल्या वळणावर फडकं पिळत होत्या.

"मावशी, एक मागायचं होतं."

"मागा की. पैसे सोडून काहीही मागा."

बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांनी जिन्याच्या कठड्याकडे बघितलं, कठड्यावरची धूळ बोटाने गोळा केली.

"म्हणजे मी यायचंच नाही?"

"यायचं हो. पण सहा ते सात या जिन्यावरून नको. खाली बादली नको. तीस दिवसच. तेवढा वेळ तुमची रेघ उमटायला नको."

मावशींनी फडकं आणखी एकदा पिळलं. त्यातून पाणी यायचं केव्हाच थांबलं होतं.

"पोरी तर म्हणत होत्या, माझी रेघ झकास येते."

"येते ना. तीच तर अडचण झालीय."

"बरं," मावशी म्हणाल्या. "तुमची नोकरी म्हणजे काय खेळ आहे का. काढते मी काहीतरी वाट."

कोणती वाट, हे बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणावं लागलं असतं, हे मनात कुठेतरी ठाऊक असलं की माणूस घाईत असतो. बाई घाईने वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून सहा ते सात रेघ सरळ आली. जणू कोणा सुताराने दोरी धरून मारली. तिसऱ्या दिवशी सरळ, आठव्या दिवशी सरळ. फरश्या मात्र रोज पुसलेल्या, वर्ग झाडलेले. मोजपट्टीने पडद्याजवळ नाक नेऊन बघितलं.

"बाई, मावशी येतात की नाही?"

"येतात."

"मग त्या गेल्या कुठे?"

"सांभाळून येतात. बस जागेवर."

बाराव्या दिवशी बाईंना झोप लागेना म्हणून त्या लवकर निघाल्या आणि सवयीने नाही, तर मुद्दाम, मागच्या रस्त्याने आल्या. शाळेच्या मागे, इमारतीपासून सुटा, लोखंडी जिना होता. आपत्तीत मुलांना बाहेर काढायला बांधलेला, उभा, अरुंद. त्यावरून मावशी चढत होत्या. अनवाणी. दोन्ही हातांत झाकणाचे छोटे डबे, पाण्याचे. वर नळ नव्हता आणि बादली टेकवायची नव्हती, म्हणून पाणी डब्या-डब्याने वर जात होतं. उजवा पाय पायरीवर, मग डावा त्याच पायरीवर, मग थांबायचं. डबे रिकामे करून उतरायच्या, पुन्हा भरायच्या, पुन्हा चढायच्या.

बाईंच्या ओठावर हाक आली. अठरा दिवस उरले होते. बाई फाटकाबाहेर भिंतीशी उभ्या राहिल्या, सात वाजेपर्यंत, रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याला रस्ता देत; आणि सात वाजल्यावर पुढच्या दाराने आत गेल्या. देव कोणाच्या पदरात कोणता तास टाकेल सांगता येत नाही. तो एक तास बाईंच्या पदरात पडला आणि त्यांनी पदर झटकला.

तिसावा दिवस भरला. नोंद गेली. चार दिवसांनी पत्र आलं: दुसऱ्या वर्षाचं अनुदान मंजूर, अभिनंदन. मोठ्या सरांनी सगळ्या शिक्षकांना चहा पाजला आणि बाईंना म्हणाले, "आता धरणीमाता तुमच्या परवानगीशिवाय हलायची नाही."

बाई चहा घेत असताना मोजपट्टी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तीस दिवस तर गेल्या आठवड्यातच झाले. आता मावशींची रेघ यायला पाहिजे ना?"

"येईल."

"आज चौथा दिवस, आली नाही. आणि बाई, फरशी बघा."

बाईंनी खाली बघितलं. खडूची भुकटी, कालच्या चपलांचे ठसे, परवाच्या कागदाचा बोळा. गेले चार दिवस त्या यावरूनच ये-जा करत होत्या.

शाळा सुटल्यावर त्या पत्ता विचारत गेल्या. इस्त्रीच्या दुकानामागे एक खोली होती. सून कपड्यांवर पाणी शिंपडत होती. मावशी कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डाव्या गुडघ्याला पट्टी, खाली दोन उशा.

"अगं, बाई आल्या! खुर्ची पूस गं."

"खुर्ची स्वच्छच आहे," सून म्हणाली. मग बाईंकडे न बघता, "डॉक्टर म्हणाले, जिना विसरा आता. वाटी झिजलीय म्हणे. आम्हाला हे कळतच नव्हतं, एवढ्या पहाटे जाऊन या करतात काय तिथे."

"तू गप गं. पाणी आण त्यांना." मावशी पुढे झुकल्या. आवाज त्यांनी उगाचच खाली आणला, शांत तास अजून चालू असल्यासारखा. "सरळ आली ना?"

"आली, मावशी."

"तीसच्या तीस?"

"तीसच्या तीस."

"एकदा डब्याचं झाकण पडलं होतं. विसावा दिवस असेल. मी पायानेच अडवलं." त्यांनी गुडघ्यावरची पट्टी सारखी केली, तोंडभर हसल्या. "पोरींना सांगा, ती दातेरी माझी होती, तशी ही सरळपण माझीच. ही जास्त अवघड होती."

बाईंनी पर्स मांडीवर ओढली. पर्समधून पत्राचं टोक बाहेर आलं होतं, ते मावशींच्या नजरेला पडलं.

"हेच का ते? वाचा की. मला कुठे असलं ऐकायला मिळतं."

बाईंनी वाचलं. मंजुरीचं वाक्य वाचलं, अभिनंदनाचं वाचलं, आणि तिथेच घडी घालायला घेतली.

"अजून आहे खाली. मला वाचता येत नसलं तरी ओळी मोजता येतात."

बाईंनी वाचलं. "आपल्या शाळेची जागा मुळातच शांत असल्याचे नोंदीवरून सिद्ध झाले आहे, ही समाधानाची बाब आहे."

सुनेने इस्त्री उभी करून ठेवली.

"मुळातच?" मावशी म्हणाल्या.

एवढंच. मग हसू आवरायला वेळ लागतो तसं ते हळूहळू आवरलं, आणि त्या म्हणाल्या, "असू दे. चहा घेता का?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी उत्तर लिहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जुना अर्ज समोर ठेवून वाक्यं उतरवली नाहीत.

'आमची जागा मुळात शांत नाही. तीस दिवस ती शाळेच्या सफाईचे काम करणाऱ्या एका बाईंनी शांत ठेवली; दोन मजले, लोखंडी जिन्याने, पाणी डब्यातून वाहून. असे करण्यास मी सांगितले आणि ते होताना मी पाहिले. आता त्यांचा गुडघा गेला आहे. त्यांचा इलाज करणे शाळेचे काम आहे आणि त्यांची जागा शाळेने राखली पाहिजे, हेही या पत्राने कळवते. यापुढे शांत तास आम्हाला जमणार नाही. आपण अस्वच्छ ठरवलेली वर्षभराची नोंद पुन्हा जोडत आहे. ती मुलींनी वाचली होती, मी वाचली नाही. तीत डावे पाऊल महिन्यागणिक हलके पडत गेलेले दिसते. यंत्र उत्तम काम करीत आहे.'

मोठ्या सरांची सही लागणार होती. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

"हे गेलं की अनुदान जाईल, बाई."

"हो, सर."

"तुम्ही जाल."

"हो."

"आणि गुडघ्याचा इलाज म्हणजे मी संस्थेपुढे हात पसरायचे."

"हो, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. सवयीने एक अनुस्वार सुधारला. मग खिडकीबाहेर बघितलं, तिथे मुलं भुकटीतून धावत होती, आणि खाली सही केली.

"पोस्टाची वेळ चारची आहे," ते म्हणाले. "चालत जाल तर पोचाल."

बाई चालत गेल्या. त्या पत्राचं उत्तर अजून यायचं आहे. काय येईल ते मला ठाऊक नाही, आणि मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. तुमच्याकडे मागणं एवढंच. निजण्याआधी ज्यांची ज्यांची नावं देवापुढे घेता, त्यांच्यात त्या मावशींचीही आठवण काढा. डावा गुडघा, असं नेमकं सांगा.