डावी बाजू वर

मी एक निळा सुती झगा बोलतोय. जपानी लोक मला युकाता म्हणतात. उन्हाळ्यात, जत्रेत घालायचा साधा कपडा. जपान मी पाहिलेला नाही. माझा जन्म पहिल्या मजल्यावरच्या एका शिवणाच्या खोलीत झाला. मनावर एक ओझं आहे, म्हणून आज तोंड उघडतोय.

मला ताईनं शिवलं. तीस वर्षं बायकांचे कपडे शिवून तिचा हात असा बसलेला, की टेप गळ्यात नुसती लटकायची आणि माप ती नजरेनंच घ्यायची. शहरातल्या एका रस्त्यावर दिवसभराचा जपानी महोत्सव भरणार होता. तिथं एका तंबूत येणाऱ्यांना युकाता घालून फिरायला देणार होते, म्हणून आम्हा बाराजणांचं काम तिच्याकडे आलं.

जपानी शिकवणाऱ्या बाई मापं समजावायला आल्या होत्या. त्यांना सगळे सेन्सेई म्हणत. जाताना त्या दारात थांबल्या. "घालताना डावी बाजू वर. नेहमी. उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला."

मशीन धडधडत होतं. "हो हो, कळलं," ताई मान वर न करता म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं. कपड्यातलं आपल्याला कोण काय शिकवणार, असं तिला वाटायचं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. सुईखाली मीच होतो. मी शब्दन्‌शब्द ऐकला.

महोत्सवाच्या दिवशी ताईची धाकटी बहीण तंबूत आली. आठ महिने ती दवाखाना आणि घर यापलीकडे कुठं गेली नव्हती. औषधांनी गेलेले केस आता कुठं बोटभर आले होते.

"लोक बघतात गं ताई."

"बघू देत. आज सगळेच नटलेत, तुझ्याकडे बघायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणत ताईनं बाराजणांतून मला काढलं.

बायकांच्या कपड्याला उजवी बाजू वर येते. ताईच्या हातांनी आयुष्यभर तेच केलं होतं, आताही तेच केलं. मी खांद्यावरून घसरू शकलो असतो. पट्टा सैल सोडू शकलो असतो. पण खरं सांगतो, मला मिरवायचं होतं. आपल्याला निवडलं, याचाच तोरा इतका होता की मी गप्प बसलो. तिच्या अंगाभोवती मी मेलेल्या माणसाचा कपडा होऊन निघालो.

ती मात्र खुलली. कागदी कंदिलांखालून चालली, ढोलापाशी थांबली. टबातले मासे कागदाच्या जाळीनं पकडायच्या खेळात तिनं तीन जाळ्या फाडल्या आणि पोट धरून हसली. ती हसली की मी हलायचो, आणि मला लाज वाटायची.

रस्त्याच्या टोकाला सेन्सेई कुंचल्यानं लोकांची नावं लिहून देत होत्या. धाकटीला पाहून त्यांचा कुंचला थांबला. त्यांनी तिला पडद्यामागं नेलं, मला सोडलं आणि डावी बाजू वर घेऊन पुन्हा बांधलं.

"का हो? काय चुकलं होतं?"

सेन्सेईंना खोटं बोलता येत नसावं. त्यांनी सांगितलं, आणि कमरेत वाकून माफी मागितली. "चूक माझी. ताईंना मी दोनदा सांगायला हवं होतं. आता जाऊन सांगते."

"नको," धाकटी म्हणाली. तिचा हात माझ्या काठावर होता. "मी सांगीन."

आम्ही तंबूत परतलो तेव्हा ताई फोटोवाल्याला थांबवून उभी होती. तिनं धाकटीला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं, हे उलटं कुणी घातलं?"

"सुटलं होतं. एका बाईंनी बांधून दिलं."

"लोकांना एक काम धड येत नाही. थांब."

ताईनं पट्टा सोडला. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो, आता सांगेल, आता सांगेल. धाकटीनं डोळे मिटले, दोन्ही हात बाजूला पसरले आणि स्तब्ध उभी राहिली. ताईनं उजवी बाजू वर घेतली, चुण्या सारख्या केल्या, गाठ मारली आणि तिच्या बोटभर केसांवरून हात फिरवला.

"आता बरं वाटतंय ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "आता छान बसलंय."

मग दोघींचा फोटो निघाला.

नंतर ताईनं मला धाकटीलाच देऊन टाकलं. आता मी तिच्या कपाटात असतो. ती पुन्हा नोकरीवर जाते. मला तिनं परत कधी अंगाला लावलं नाही, आणि मी कुठल्या तोंडानं रुसू? तो फोटो ताईच्या मशीनसमोर टांगलाय, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ती तो कौतुकानं दाखवते. तुम्ही कधी तिच्याकडे कपडे शिवायला गेलात आणि तुम्हाला डावं-उजवं कळत असलं, तरी फोटो चांगला आलाय, एवढंच म्हणा.