काउंटरवरचा चेहरा

“‘काउंटरवर एक बाई बसल्या होत्या,’” निवृत्त मास्तर पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचत होते. “‘चेहरा असा, की घरातलं कोणीतरी नुकतंच गेलंय, आणि जाताना गॅस चालू ठेवून गेलंय. त्यांनी किल्ली पुढे केली तेव्हा मला कळेना, मी खोली घ्यायला आलोय की सांत्वनाला!’”

वाचनालयाचं सभागृह खदखदून हसलं. मास्तर स्वतःच इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. व्यासपीठावर लेखक गुडघ्यांमध्ये काठी धरून बसले होते. ते हसले नाहीत. वर बघत म्हणाले, “हा पंखा फिरतोय की नुसती धमकी देतोय?” त्यावर पुन्हा हशा.

भिंतीकडेच्या खुर्चीत एक बाई बसली होती, तिचे कान तापले. पुस्तकात गावाचं नाव नव्हतं, लॉजचंही नव्हतं. पण बसस्थानकासमोरची इमारत, जिन्यातला तडा गेलेला आरसा, काउंटरमागचं बंद पडलेलं घड्याळ, सगळं जसंच्या तसं होतं. केस काळे होते तेव्हापासून ती त्या काउंटरवर बसत आली होती.

आणि या लेखकाची तिच्याइतकी जुनी वाचक त्या सभागृहात दुसरी कोणी नसेल. घरात ती आणि तिची बहीण, दोघीच. बहीण घरी शिवणकाम करायची. संध्याकाळी ही लॉजवरून आली की बहिणीने मशीन चालवायचं आणि हिने लेखकांचं पुस्तक मोठ्याने वाचायचं. दोघी कधी कुठे गेल्या नाहीत. पण लेखकांची छत्री कुठल्या बंदरात वाहून गेली, कुठल्या नाक्यावर त्यांच्या बायकोने शिपायालाच दम भरला, हे त्यांना पाठ होतं. एकदा हसण्याच्या नादात बहिणीने गिऱ्हाइकाच्या झग्याची बाही उलटी जोडली आणि मग ती उसवतानाही दोघी हसत बसल्या. त्या पुस्तकांत फजिती व्हायची ती लेखकांचीच. पडायचे ते, हरवायचे ते, चुकीच्या गाडीत बसायचे तेही तेच.

बहीण गेली त्याच आठवड्यात लेखक लॉजवर आले. “झालं ते वाईटच झालं, पण काउंटर कोण बघणार?” असं मालक म्हणाला, म्हणून ती कामावर आली होती. तिने लेखकांना बघताक्षणी ओळखलं. घरी गेल्या गेल्या बहिणीला सांगायचं, असं मनात आलंसुद्धा. मग लक्षात आलं. तेव्हा चेहरा जसा व्हायचा तसा झाला.

लेखकांनी जिना उभा आहे म्हणून तक्रार केली, पाणी कोमट आहे म्हणून केली, उशी म्हणजे दगड आहे म्हणून केली. ती स्वतः जिना चढून दुसरी उशी देऊन आली. त्या उशीचा पुस्तकात उल्लेख नव्हता.

“खरं सांगू का साहेब, रागावू नका,” औषधांच्या दुकानाचे मालक उठून म्हणाले. “पूर्वी तुम्ही आमच्यासारखेच धडपडायचात. आता तुम्ही खुर्चीत बसून जगाला नावं ठेवता. मी पुस्तक निम्म्यात ठेवून दिलं.”

“मला उलट तेच आवडलं,” कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या. “वय झालेल्या माणसाने काय जन्मभर गोडच बोलायचं? आता कुठे ते मनातलं लिहायला लागलेत.”

“मनातलं? सगळी किरकिर आहे नुसती!” मागून कुणीतरी म्हणालं.

“अहो, वहिनी गेल्यापासून झालंय हे,” वाचनालयाचे चिटणीस मध्ये पडले. “एकटे फिरतात आता. आपण समजून घ्यायला हवं.”

“मी इथेच बसलोय,” लेखक म्हणाले. “अजून गेलेलो नाही.”

लोक हसले. पण ‘समजून घ्यायला हवं’ या शब्दांनी तिच्या छातीत काहीतरी पेटलं. ती उठली.

“ती बाई मी,” ती म्हणाली.

“कोणती?” चिटणिसांनी विचारलं.

“आत्ता वाचलीत ती. काउंटरवरची.”

“अरे वा!” औषधवाले टाळी वाजवत म्हणाले. “पुस्तकात आलात की तुम्ही!”

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “गॅस बंद होता,” ती लेखकांना म्हणाली. “बाकीचं बरोबर आहे. घरातलं माणूस गेलं होतं. माझी बहीण. तुम्ही आलात त्याच आठवड्यात.”

औषधवाले हात मागे घेऊन खाली बसले.

“मला काय माहीत?” लेखक म्हणाले. “तुम्ही बोलला नाहीत.”

“खोली मागायला आलेल्याला असलं सांगतात? तुमच्या बायकोचं ऐकून मलाही वाईट वाटलं होतं. तुम्ही माझ्यावर खेकसलात, तेव्हा मनात म्हटलं, असू दे, एकटे झालेत. उशी मागितलीत, आणून दिली. हा माणूस किती किरकिरा आहे, असं मी कुठे लिहायला गेले नाही. तुमचं दुःख समजून घ्यायचं आणि माझ्यावर हसायचं, हे कुठलं हो?”

“ताई, बसून घ्या ना,” चिटणीस कुजबुजले. “कार्यक्रम चाललाय.”

“बसते. जन्मभर बसलेच आहे.” पण ती बसली नाही.

लेखकांचा चेहरा लाल झाला. “मग काय, विनोद करण्याआधी मी घरोघरी चौकशी करत फिरू?” ते गरजले. कुणीच हसलं नाही. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, चिटणिसांकडे पाहिलं, मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो ते.”

“काढू नका. त्याच्यापुढे एवढंच लिहा, की खरंच गेलं होतं.”

“मग त्यात विनोद उरणार नाही.”

“नाहीच उरणार.”

तिने पर्स उचलली आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत ती बाहेर पडली. मागे लेखक कुणाकडे तरी पाणी मागत होते.

रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर येऊन उभी राहिली तरी तिचा राग उतरला नव्हता. बोलून टाकलं की मोकळं वाटतं म्हणतात. तिला तसं काही वाटत नव्हतं. अजून कितीतरी बोलायचं राहिलं होतं, आणि ते आता सुचत होतं. त्याच माणसाच्या पुस्तकांवर आपण दोघी इतक्या संध्याकाळी हसलो, याचा तिला सगळ्यांत जास्त राग येत होता. त्या संध्याकाळी आता परत कोऱ्या करता येत नव्हत्या, आणि करायच्याही नव्हत्या.

मास्तर धापा टाकत रस्ता ओलांडून आले. तिच्यापासून थोडं अंतर ठेवून उभे राहिले.

“मी वाचायला नको होतं,” ते म्हणाले.

एक बस आली, दुसरीकडे जाणारी होती, निघून गेली.

“मोठी होती का तुमच्याहून?” मास्तरांनी विचारलं.

“धाकटी,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. तिची बस वळणावर दिसली तेव्हा ते दोन पावलं रस्त्यात उतरले आणि हात वर करून त्यांनी ती थांबवली.